दार उघडावं की नाही

"दार उघडायचंच नाही तिनं," सिनेमा संपताच मागच्या खुर्चीवरची स्नेहल म्हणाली. "इतकी वर्षं पत्ता नाही आणि आता येऊन टकटक करतोय. सरळ रेड फ्लॅग आहे तो."

"अगं, पण तिनं उघडलंय कुठं?" पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ मागे वळले. ते नोटा छापायच्या प्रेसमधून निवृत्त झालेले होते आणि प्रत्येक गोष्ट नोट तपासल्यासारखी उजेडाला धरून बघायची त्यांची सवय अजून गेली नव्हती. "दिग्दर्शकानं तिथंच संपवलंय. ते दार म्हणजे तिचं मन आहे. आणि धुकं म्हणजे आठवणी."

धुक्याला कुणी एवढं कामाला लावलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. दोन तास ते गाव धुक्यात होतं. एकदाही ऊन पडलं नाही. आमच्या लासलगावात असं चार दिवस झालं तर साठवणीच्या चाळीतला कांदा सडून लोकांच्या डोळ्यांना खरोखरचं पाणी येईल.

नाशिक रोडच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही बसलो होतो. माझी लेक वेदिका इथं बँकेत आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी ती हौशी माणसं जमवते, भिंतीवर युरोपातला कुठला तरी सिनेमा दाखवते आणि मग चहा. चहाबरोबर मतं. आजवर तिनं आम्हाला कधी आग्रह केला नव्हता. ह्या वेळी म्हणाली, "आई, अण्णांना घेऊन यायचंच." अण्णा म्हणजे मल्हारी, माझे मालक. माझ्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हातांनी चहाचा कप धरून बसले होते.

सिनेमाची गोष्ट अशी. समुद्रकाठचं एक लहान गाव. एका बाईचा नवरा होडी घेऊन गेला तो परत आला नाही. बुडाला, पळाला की कुणी मारला, कुणाला माहीत नाही. मग एक अनोळखी माणूस तिच्याकडे खोली भाड्यानं घेतो. तो कमी बोलतो, ती त्याहून कमी. तिची एक लहान मुलगी आहे. हळूहळू दोघं जवळ येतात, पण गावाला संशय, की नवऱ्याला ह्यानंच बुडवलं असेल. आणि शेवटी एका पावसात दार वाजतं. खिडकीतून बाईला दिसतो तो तिचा नवरा. ती दाराशी जाते, कडीवर हात ठेवते, आणि पडदा काळा.

"मला एकच प्रश्न पडला," कोपऱ्यातल्या नर्सबाई म्हणाल्या. "एवढ्या ओलीत त्या पोरीला न्यूमोनिया कसा नाही झाला?"

सगळे हसले. वेदिका हसली नाही. ती भिंतीजवळ उभी होती. "तो प्रश्न राहू द्या, मावशी. मला सांगा, तिनं दार उघडावं की नाही?"

तिनं ते हॉलला विचारलं, पण बघत होती आमच्याकडे. आमच्या घरीही दार वाजलं होतं.

आठवड्याआधी संतोषचा फोन आला होता. संतोष म्हणजे माझा पहिला नवरा, वेदिकेचा बाप. ती रांगत होती तेव्हा तो सुरतेला कामाला गेला आणि तिकडंच त्यानं दुसरा संसार मांडला. सोडचिठ्ठी पोस्टानं आली. त्याचा राग आता माझ्यात शिल्लक नाही. राग सांभाळायला वेळ लागतो, आणि मी पहाटेपासून खळ्यावर कांदा निवडत होते. फोनवर त्याचा आवाज फार म्हातारा वाटला. "पोरीचं लगीन ठरल्याचं कळलं," म्हणाला. "कन्यादान माझ्या हातून होऊ दे, सविता. दुसरं काही मागत नाही."

आणि माझी आत्या, गोजराबाई, ती तर वाटच बघत बसली होती. "बराबर बोलतो तो. बाप जित्ता हे ना? पाटाचं जोडपं कुठं कन्यादानाला बसतं का बाई?"

आमच्याकडे बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट. वाजंत्री नाही, मांडव नाही, आणि पुढे आयुष्यभर शुभकार्यात जरा मागे उभं राहायचं. मल्हारींचं तर तेव्हा पहिलंही लग्न झालेलं नव्हतं. बिनलग्नाच्या पुरुषानं पाट लावायचा तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावावं लागतं. तेही झालं. भटजी, मंगलाष्टका, सगळं. रुईला हळद लागली, मला नुसतं कुंकू. माझी सवत बरेच दिवस मार्केट यार्डाच्या कुंपणापाशी डोलत होती आणि जाता येता मी तिला "बरी आहेस ना गं" असं विचारायची. मल्हारी लाजायचे.

वेदिका तेव्हा तीन वर्षांची होती. मी अंधारात खळ्यावर जायची, म्हणून पुढे शाळेच्या वेण्या हे घालून द्यायचे. गोणीचं तोंड शिवावं तशी घट्ट वेणी. पोरगी दिवसभर भुवया वर करून हिंडायची, पण वेणी संध्याकाळपर्यंत सुटायची नाही. शाळेतल्या बाईंनी एकदा विचारलं, वेणी कोण घालतं गं? ती म्हणाली, आमचे अण्णा.

मल्हारी मार्केट यार्डात लिलाव पुकारतात. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर, त्यांच्या मागे व्यापाऱ्यांचा घोळका. कुणी भुवई उडवली, कुणी बोट हलवलं, की हे त्याचा भाव मोठ्यानं सांगतात. पुकारणाऱ्यानं स्वतःचा भाव बोलायचा नसतो, हा त्या कामाचा पहिला नियम. हे तो नियम घरीही पाळतात. भाजी कशी झाली, तर "तुम्हाला कशी लागली?" संतोषचा फोन आल्यावर मी विचारलं, "अहो, तुमच्या मनात काय आहे?" त्यांनी पायातल्या चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाले, "वेदिका म्हणंल तसं. तिचा बाप हे तो." त्या दिवशी ते जेवायला बसले, पण भाकरी तशीच चिवडत राहिले.

मला ठाऊक होतं त्यांना काय हवंय. ते कधीच मागणार नाहीत, हेही ठाऊक होतं.

हॉलमध्ये मतं सुरूच होती. स्नेहल म्हणत होती, बाईनं पोलिसांना बोलवावं. प्रेसवाले गृहस्थ म्हणाले, "कायद्यानं नवरा तोच आहे. आतला माणूस कितीही चांगला असला तरी उपराच. त्यानं आपली बॅग भरून मागच्या दारानं निघून जावं. त्यातच त्याची शोभा आहे."

मी मल्हारींकडे बघितलं नाही. बघवलंच नाही. कप बशीत ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

"अण्णा," वेदिका म्हणाली, "तुमचं काय मत?"

"माझं काय मत, बेटा. बोलू दे त्यांना. मी ऐकतो हे."

"आज तुम्ही बोला."

सगळा हॉल वळला. मल्हारी उठून उभे राहिले. शाळेत उभं करावं तसे. "मला खालचं इंग्रजी वाचता येत नाय," ते म्हणाले. "मधी डोळाबी लागला जरासा." हशा झाला. "पण दार उघडावं. पाव्हणा भिजतोय की बाहेर."

"पाहुणा?" प्रेसवाल्यांनी चष्मा वर केला. "अहो काका, बाहेर उभा आहे तोच तर तिचा नवरा."

"बाहेरचा?" मल्हारी गोंधळले. "मंग आत कोण हे?"

"तो भाडेकरू. परका माणूस."

"आसं कसं? तो तं रोज शेगडी पेटवतो. पोरीचा बूट शिवून दिला त्यानं. ती तापली तं उशाशी बसून व्हता. मला तं वाटलं नवरा तोच." मग त्यांना आपण काय केलं ते उमगलं. ते मानेवरून हात फिरवत हसले. "लयच चुकलं मंग माझं. ह्या हिशोबानं आख्खा पिच्चर उलटाच बघितला म्हणायचा."

केवढा हशा झाला. स्नेहलनं टाळ्या वाजवल्या. प्रेसवाले गृहस्थसुद्धा डोळे पुसत म्हणाले, "काका, तुमचा सिनेमा आमच्यापेक्षा बरा आहे." नर्सबाई मात्र हसता हसता थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

वेदिका भिंतीला टेकली होती. "नाही अण्णा," ती म्हणाली. "चुकलं नाही. खाली बसा तुम्ही."

मग तिनं बाकी कुणाला काही विचारलं नाही.

जिन्यावर आम्ही तिघंच राहिलो तेव्हा तिनं फोन काढला. आमच्यासमोरच लावला. "हॅलो, मी वेदिका बोलतेय. हो. तुम्ही लग्नाला या. नक्की या, मला बरं वाटेल." मग पलीकडचं ऐकत ती कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिली. "नाही. कन्यादानाला आई आणि अण्णा बसतील. नाही, राग नाहीये. खरंच नाहीये. जेवल्याशिवाय जायचं नाही मात्र."

मल्हारी दोन पायऱ्या खाली उतरून रस्त्याकडे तोंड करून उभे होते. "रिक्षा बघतो," म्हणाले. रिक्षा समोरच उभी होती. ती निघून गेली तरी ते बघतच होते.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. ओढा स्टेशन गेल्यावर मी विचारलं, "अहो, खरंच कळलं नव्हतं तुम्हाला?"

"डोळा लागला व्हता म्हणलं ना," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मी पुन्हा विचारलं नाही. काही गोष्टी माणसाच्या त्याच्यापाशी राहू द्याव्यात. मला काय द्यायचं ते त्यांनी आधीच भरभरून दिलं होतं.

गोजरा आत्याला सांगायला वेदिका स्वतः लासलगावला आली. आत्या पाय पसरून शेंगा फोडत होती. "देवाला चालंल का गं ते?"

"आत्याआजी, सांग मला, आईचं पहिलं लग्न कसं झालं होतं? मांडवात ना?"

"मांडवात. म्या सोता करवली घेतली व्हती कडंवर."

"आणि अण्णांचं पहिलं? रुईशी?"

"तेबी मांडवातच. भटजी व्हता की."

"मग दोघांचंही एकेक लग्न अगदी पक्कं झालंय. अडतं कुठं?"

आत्यानं शेंग फोडायची थांबवली. मग तिचं बोळकं उघडलं आणि ती इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. "बँकेत ठेवली पोरगी आन् वकील झाली," ती म्हणाली. "बसा बाई. पण सविता, शालू नीट नेस. उगं भावकीनं नावं ठेवायला नको."

लग्न नाशिक रोडलाच एका कार्यालयात झालं. संतोष आला. मी ओळखलं ते चालण्यावरून. केस गेलेले, हातात भेटवस्तूची पिशवी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. तिसऱ्या रांगेत, एकटाच, कडेच्या खुर्चीवर बसला. कुणी त्याच्याशी वाईट वागलं नाही. कुणी फारसं बोललंही नाही.

कन्यादानाला मल्हारी पाटावर बसले तेव्हा सोवळं सारखं घसरत होतं. भटजींनी ओंजळ धरायला सांगितली. खाली वेदिकेचे हात, नवरामुलगा कुंदनचे हात, काशाचं भांडं. मी झारीतून पाणी सोडायला लागले. भाव पुकारून पुकारून आवाज घोगरा झालेला तो माणूस नुसता ओंजळीकडे बघत होता. पाणी वाहून जायच्या ऐवजी थोडं थोडं साठत होतं, जणू बोटं सैल करायला त्यांना जमतच नव्हतं. "अण्णा, सोडा," वेदिका हळूच म्हणाली. तेव्हा त्यांनी सोडलं.

कन्यादान उरकलं, लोक जेवायला उठले. संतोष पिशवी खुर्चीवर ठेवून बाहेरच्या दाराकडे निघाला होता. मल्हारी पाटावरून उठले ते सोवळ्यातच, हातसुद्धा न पुसता, घाईनं त्याच्यामागे गेले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. संतोषनं मान हलवली, एकदा, दोनदा. मग तो वळला. मल्हारींनी त्याला पंगतीत नेऊन बसवलं, शेजारी स्वतः बसले आणि वाढप्याला हाक मारून त्याच्या ताटात आधी वाढायला लावलं.

मी तूप वाढत तिथवर गेले. दोघं खाली बघून जेवत होते. संतोषच्या पांढऱ्या बाहीवर मल्हारींच्या ओल्या हाताची चारी बोटं उमटली होती. माझा फेरा संपून मी परत आले, तोवर ती वाळत आली होती.