मिठाचा हक्क

नझीहाने पातेलं उलटं केलं, बोटाच्या पेराने बुडावर टकटक केली, कान जवळ नेला आणि पुन्हा टकटक केली.

"अगं, भांडं घेतेयस की कलिंगड?" तिची नणंद बेया म्हणाली.

दुकानदार हसला. रमझान तोंडावर आला होता आणि स्फाक्सच्या जुन्या शहरातल्या भांड्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. रमझानच्या आधी घरात एक तरी नवं भांडं यायलाच हवं. ऐपत असेल तिने तांब्याचा हंडा न्यावा, नसेल तिने नुसता चमचा न्यावा, पण जुन्याच भांड्यांवर रमझानचा चंद्र बघू नये, अशी इथली रीत. घरची तांब्याची भांडी कल्हईवाल्याकडे देऊन दोघी या दुकानात शिरल्या होत्या आणि नझीहाचं काही केल्या ठरत नव्हतं. चार पातेली वाजवून झाली होती.

"हे न्या बाई," दुकानदार म्हणाला. "तळ जाड आहे. विसरलात तरी करपायचं नाही."

नझीहाने ते पातेलं घाईने खाली ठेवलं. मग तिचं लक्ष वर टांगलेल्या मापाच्या चमच्यांकडे गेलं. एका कडीत ओवलेले पोलादी चमचे, मोठ्यापासून चिमुकल्यापर्यंत, दांड्यावर आकडे कोरलेले.

"ते द्या," ती म्हणाली.

"हे कुणाला?" बेयाने भुवया वर केल्या.

"ल्योंला पाठवीन, मुलाकडे. सूनबाईला सगळं मापात लागतं."

"तरीच! मला वाटलं, आता तुझ्याच हाताला माप लागायला लागलं की काय."

नझीहा हसली. हसू जरा उशिराच आलं, पण बेया तोवर दुकानदाराशी घासाघीस करण्यात गुंतली होती.

घरी आल्यावर नझीहाने चमचे मिठाच्या बरणीमागे लपवले. स्वतःच्याच स्वयंपाकघरात स्वतःचीच वस्तू लपवायची वेळ यावी, याची तिला लाज वाटली. हिवाळ्यात तिला ताप आला होता. ताप गेला तेव्हा वास घेऊन गेला, आणि वासापाठोपाठ चवही गेली. लिंबू नुसतं ओलं लागायचं, मध नुसता चिकट. डॉक्टरांकडे ती एकटीच जाऊन आली. परत येईल किंवा येणारही नाही, असं ते म्हणाले, आणि एवढं सांगायला त्यांना शाळा-कॉलेज कशाला लागलं, असं म्हणत ती जिना उतरली. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. नणंदेला तर नाहीच.

कारण नझीहा म्हणजे नझीहाचा हात. गल्लीतल्या हौशी बायकांनी फोनवर एक गट केला होता. त्यात दिवसभर कुणाचा रस्सा फाटायचा, कुणाचं पीठ सैल व्हायचं, आणि शेवटी सगळ्या आदराने, 'ताई' म्हणावं तसं लल्ला म्हणत, तिलाच विचारायच्या, "लल्ला नझीहा, मीठ किती?" तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "मागेल तितकं." बायका चिडायच्या, हसायच्या. पण तिला खरंच तसंच कळायचं. दारात उभी राहून वाफेवरून ती सांगायची की पातेल्याला काय कमी पडलंय. आणि बेया? एका म्हाताऱ्या मावशीची भाजी बिघडली तेव्हा बेया भर पंगतीत म्हणाली होती, "आवाज बसला की मुअज्जिनाने अजान दुसऱ्याला द्यायला सांगावी." सगळे हसले होते. नझीहाही हसली होती, आणि आता तेच हसू तिला आतून कुरतडत होतं.

रमझान सुरू झाला. तशी सगळ्यांच्याच घरी आता न जेवता रांधायची वेळ होती. रोजा असला तरी रांधणाऱ्या बाईला जिभेच्या टोकावर थेंब घेऊन मीठ बघायची मुभा असते. बघायचं, थुंकायचं, चूळ भरायची, घोट आत जाऊ द्यायचा नाही. नझीहाही रोज थेंब जिभेवर घ्यायची आणि थुंकायची. तो थेंब गरम आहे, एवढंच तिला कळायचं.

त्यात तिच्या नवऱ्याने, तिजानीने, यंदा नवीनच खूळ काढलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रमझानची त्याची दुपार ठरलेली असायची. झोप, मग पावाच्या रांगेत गप्पा, मग अजान होईपर्यंत दाराच्या पायरीवर बसून जगाचा कारभार. यंदा मात्र सूर्य कलला की तो स्वयंपाकघरात घुटमळायचा.

"काय हवंय?"

"काही नाही. पाणी गार झालं का बघतोय."

"फ्रीज तिकडे आहे. इथे चूल आहे."

"हो का? बरं झालं सांगितलंस."

पण तो हलायचा नाही. रोज्यात चुलीपाशी घुटमळणाऱ्या पुरुषाला आणि मांजराला इथे एकाच फडक्याने हाकलतात. नझीहाने फडकंही उगारून पाहिलं. तो दोन पावलं मागे सरकायचा आणि ती कोथिंबीर आणायला अंगणात गेली की पुन्हा आत यायचा. हा आपल्यावर नजर ठेवतोय, याला संशय आलाय, असं तिने मनात धरलं. उद्या बहिणीच्या कानाशी लागला की संपलंच. ताटावर बसलं की ती जेवायची कमी आणि त्याचा हात बघायची जास्त. तो हात मिठाच्या वाटीकडे जातोय का? जात नव्हता. तिजानी शोरबा संपवायचा, ओठ पुसायचा आणि म्हणायचा, "तुझ्या हाताला बरकत, नझीहा."

त्यानेही तिला चैन पडत नव्हतं. खरंच बरं झालंय की हा दया करतोय?

आणि पुढे ईद होती. ईदच्या सकाळी बायको नवऱ्यापुढे मिठाईचं तबक आणि कॉफी ठेवते. नवरा कॉफी पितो, पण कप रिकामा परत देत नाही, त्यात काहीतरी घालून देतो. महिनाभर उपाशी पोटी जिभेच्या टोकाने तिने जे मीठ राखलं, त्याचा तो हक्क. मिठाचा हक्कच म्हणतात त्याला. तिजानीने आजवर कधी कानातलं दिलं होतं, कधी साखळी, आणि हात तंग होता त्या वर्षी मोगऱ्याचा एवढासा गुच्छ कपात खोचून दिला होता. तो कप तिने आठवडाभर धुतला नव्हता. पण यंदा? चाखलंच नाही त्या मिठाचा हक्क कुठल्या तोंडाने घ्यायचा?

तिसऱ्या आठवड्यात बेया इफ्तारला आली. त्या दुपारी नझीहाने चमच्याने मोजून शोरब्यात मीठ घातलं, चमचा धुऊन कडीला लावला आणि तेवढ्यात फोन किणकिणला. गटात कुणाची तरी पुरी तेलात फुटत होती. नझीहाने तिला समजावलं, दुसरीला समजावलं, फोन ठेवला, चमचा भरून मीठ घातलं आणि पाव कापायला घेतला.

अजान झाली. खजूर तोंडात टाकता टाकता तिला समोरच्या फळीवरची मिठाची बरणी दिसली. झाकण उघडं होतं आणि चमचा आतच खोचलेला होता. पहिल्यांदा मीठ घातल्यावर तिने तो धुऊन कडीला लावला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे मीठ दोनदा पडलं होतं.

बेयाने चमचा तोंडात घातला. नझीहाच्या हातातला खजूर तसाच राहिला.

"हं," बेया म्हणाली. तिने दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. "मीठ अगदी जिथल्या तिथे. मटण तेवढं चिवट आहे."

तिजानी मान खाली घालून जेवत होता.

बेया गेल्यावर नझीहा पातेलं घासायला बसली. तळाशी उरलेल्या शोरब्यात काहीतरी गडगडलं. तिने हात घालून बाहेर काढलं. बटाटा होता. हिरव्या गव्हाच्या शोरब्यात बटाटा कुणी घालत नाही, निदान या घरात तरी नाही. तिने तो दिव्याखाली धरला. सोलता सोलता सालीबरोबर निम्मा गेलेला, चारी बाजूंनी तासून चौकोनी झालेला बटाटा. असा बटाटा तिने आयुष्यात एकाच माणसाच्या हातचा पाहिला होता. तिजानीची बदली गाफ्साला झाली आणि तो एकटा रांधून खायचा तेव्हा तिनेच त्याला फोनवर शिकवलं होतं, "मीठ जास्त पडलं तर बटाटा टाक आणि घाबरू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिने शोरब्यात मीठ घातलंच नाही.

"गच्चीवरचे कपडे काढून आणते," ती म्हणाली आणि चपला जिन्यात काढून अनवाणी परत आली. दाराच्या फटीतून तिला तिजानी दिसला. त्याने झाकण उचललं, चमच्यावर फुंकर मारली, जिभेचं टोक लावलं, मोरीत थुंकलं. मग घसा खरवडून चूळ भरली, पुन्हा भरली. हा नमाज न चुकवणारा, रोज्यात थुंकी गिळतानाही विचार करणारा माणूस. मग त्याने कपाळाला आठ्या घालून बरणीत हात घातला. चमच्याने नाही, चिमटीने. जरासं घातलं, ढवळलं, पुन्हा टोक लावलं. आणि स्वतःशीच मान डोलावली.

नझीहाला आधी राग आला. म्हणजे हा रोज "हाताला बरकत" म्हणत होता, ते स्वतःच्याच हाताला! मग ती जिन्यात जाऊन चपलांशेजारी बसली आणि ओढणी तोंडावर धरून रडली. महिना होत आला होता. तितके दिवस ती त्याचा हात बघत होती आणि चुकीच्या वेळी बघत होती.

तिने त्याला काही विचारलं नाही. मात्र रोज सूर्य कलला की ती म्हणायची, "कपडे काढून आणते."

कपडे दुपारीच वाळलेले असायचे.

"सावकाश ये," तिजानी म्हणायचा. "जिना ओला आहे."

जिन्यावर आठवड्यात पाण्याचा थेंब पडला नव्हता.

ईदच्या आदल्या दिवशी शरमुला शिजायला ठेवला. खारवलेल्या माशाबरोबर खायचा कांदा-मनुकांचा हा गोडसर लगदा स्फाक्सच्या प्रत्येक घरात त्या दिवशी तासन्‌तास रटरटत असतो. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "लल्ला नझीहा, वास गल्लीच्या टोकापर्यंत गेलाय हो!" नझीहाने पातेल्यावर वाकून खोल श्वास घेतला. नुसती ऊब आली. मासा भिजवून त्याचा खारटपणा किती उतरवायचा, हेही तिला कळणार नव्हतं. ती कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली.

"कपडे काढून आणते," ती म्हणाली. दोरीवर त्या दिवशी काहीच नव्हतं.

ईदची नमाज झाली. तिजानी नवा पांढरा जुब्बा घालून बैठकीत बसला. बेया आली, मिठी झाली, मुबारक झालं, आणि पाव मोडून ती सरळ शरमुल्याला भिडली. नझीहाने तबक आणलं. तिजानीने कॉफी संपवली, खिशात हात घातला आणि कप तिच्या हातात दिला. आत डाळिंबाच्या दाण्याएवढ्या खड्याची सोन्याची कानातली होती.

"घाल की," बेया मान उंच करून म्हणाली. "महिनाभर मीठ राखलंस, तुझाच हक्क आहे."

नझीहाने कानातली ओंजळीत घेतली. मग ती खाली बसली आणि स्वतःची कॉफी प्यायली. घाई केली नाही. कप रिकामा झाल्यावर तिने बोटातली अंगठी फिरवून फिरवून काढली. ती चांदीची होती, तिच्या वडलांची, आतून दोरा गुंडाळून ती वापरायची. तिने ती कपात टाकली, टण्‌ आवाज झाला, आणि कप तिजानीपुढे सरकवला.

"अगं, हे काय उलटंच?" बेया म्हणाली. "याने काय चाखलंय?"

"सगळं," नझीहा म्हणाली. "हिवाळ्यातल्या तापापासून मला वास येत नाही, लल्ला. चवही नाही. मीठ आणि साखर माझ्या जिभेला एकच आहे. यंदाचं सगळं मीठ याचं आहे. तुम्ही खाताय त्यातलंही."

बेयाचा घास हातातच राहिला. तिजानीचे कान लाल झाले. त्याने कप जवळ ओढला.

"मला दूध करपलं तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तू शेजारीच बसली होतीस. पण तुला कधी कळलं?"

"बटाटा."

"मला वाटलं, तो विरघळेल."

"निम्मा सालीत टाकलास, तरी नाही विरघळला."

बेयाने घास तोंडात घातला. ती सावकाश चावत राहिली, एकदा भावजयीकडे आणि एकदा भावाकडे बघत. काय म्हणेल ती, म्हणून नझीहा ओंजळ घट्ट मिटून बसली होती. बेयाने घास गिळला, पावाचा दुसरा तुकडा मोडला आणि भावाकडे वळून म्हणाली, "पुढच्या ईदला दालचिनी जरा हात राखून घाल, तिजानी."

नझीहाला हसू आलं, आणि या वेळी ते वेळेवर आलं. तिजानी अंगठी करंगळीत घालून बघत होता. ती पेरावर अडली होती आणि तो ती नेटाने आत ढकलत होता.