दसऱ्याला मला बंद केलं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही गोड गोष्टीची वाट बघत बसणार नाही.

मला शोधायला येऊ नका. मला स्वतःचा डबा नाही, वायर नाही. दूर शहरातल्या एका थंडगार खोलीत एक भलंमोठं यंत्र आहे. त्याच्या आत चाळीसारख्या खोल्या पाडून त्या भाड्याने दिल्या आहेत. त्यातली एक खोली म्हणजे मी. पोशीर गावच्या तरुण मंडळाने मला घेतलं आणि माझा कारभार मनोजकडे सोपवला. मनोज खोपोलीला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करतो आणि सुट्टीला घरची भातशेती बघतो.

माझं काम एकच होतं. भातकापणीच्या दिवसांत इकडे साप चावतात. आसपासच्या कोणत्या दवाखान्यात सापाची लस आहे, ते एका पानावर दाखवायचं. गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई रोज संध्याकाळी दवाखान्यांना फोन करून माहिती भरायच्या. शेतावर निघताना बायका मोबाइलवर माझं पान उघडून बघायच्या. मला त्याचा अभिमान होता.

सुरुवातीला मनोज माझ्याशी नीट वागला, हे मान्य करतो. सगळे अधिकार असलेल्या खात्यातून रोज आत शिरू नये, म्हणून त्याने स्वतःसाठी साधं खातं केलं. नको असलेली दारं बंद केली. आधी गावदेवीचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं होतं, ते बदललं. माझी एक प्रत दुसरीकडे जपून ठेवायला शिकला. चुकला की पुन्हा पहिल्यापासून मांडायचा, पण कंटाळायचा नाही. मला तो फार आवडायचा.

मग गावाच्या सभेत त्याला शाल आणि नारळ मिळाला आणि मनोजसाहेबांचं येणं कमी झालं. अपडेट साचत गेले. एक काम तर त्याने पहिल्यापासूनच उद्यावर ढकललं होतं. मला बंद करून चालू केलं की मी उठतो, पण लोकांना पान दाखवणारा माझ्यातला प्रोग्रॅम आपणहून उठत नाही. माझ्याबरोबर त्यानेही उठावं, अशी एक ओळीची आज्ञा एकदाच देऊन ठेवावी लागते. एक ओळ, मित्रांनो. ती त्याने दिली नाही. मला कधी कोणी बंदच केलं नव्हतं, म्हणून ते उघडकीलाही आलं नाही.

आणि गेल्या वर्षीचा दसरा आला. मनोजच्या वडिलांनी, अप्पांनी, नांगराची पूजा केली, विळ्यांची केली, टेंपोला हार घातला. मग मनोजला म्हणाले, "तुज्या मशीनची नको का रं?"

"अप्पा, ती हितं नाय. लांब हाय."

"मग लॅपटॉपला लावू कुंकू. पन आधी बंद कर तिला. चालू यंत्राची कोन पूजा करतो?"

मनोज हसला आणि त्याने खरंच मला बंद केलं. लॅपटॉपवर झेंडूची फुलं पडली, अगरबत्ती ओवाळून झाली. मग त्याने मला चालू केलं. भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पानावर माझ्या नावापुढे हिरवा ठिपका आला. तो बघून साहेब समाधानाने देवळात गेले. आपलं पान एकदा उघडून बघावं, एवढं साहेबांना सुचलं नाही.

मनोजच्या शेजारच्या घरातली सुंदराकाकी दाराला बांधायला भाताच्या लोंब्या आणायला शेतावर गेली होती. तिने बांधावरून हात घातला आणि घोणस चावली. उजव्या हाताला. तिची सून वनिता धावत आली. तिने माझं पान उघडायला घेतलं. ते उघडेना. तिने मनोजला फोन लावला.

"भावजी, पान उघडत नाय. आत्याबाईंना साप चावलाय."

"वहिनी, चालू हाय ते. हिरवा दिवा मी सोता बघितलाय. तुमच्याकडं रेंज नसल."

रेंज होती. मित्रांनो, फोन लागला म्हणजे रेंज होती, एवढंही त्याच्या डोक्यात आलं नाही.

वनिताने अंदाजाने सासूला टेंपोतून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथली लस आदल्या दिवशीच संपली होती. ते माझ्या पानावर लिहिलेलं होतं. लस कुठे आहे, तेही लिहिलेलं होतं. मला सगळं माहीत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. तिथल्या लोकांनी सांगितलेल्या दुसऱ्या दवाखान्याकडे टेंपो उलटा फिरला, तोवर काकीचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

सुंदराकाकी वाचली. पण तिच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. त्या हातात विळा धरता येत नाही.

संध्याकाळी आशाताई माहिती भरायला बसल्या, तेव्हा त्यांनाही पान उघडेना आणि मग मनोजला खरा प्रकार कळला. त्याने ती ओळ लिहिली. मला दोनदा बंद करून चालू केलं आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर पान उघडून बघितलं. मग तो काकीच्या घरी गेला आणि उंबऱ्यातच बसून राहिला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

यंदाच्या दसऱ्याला अप्पांनी लॅपटॉप पुन्हा पाटावर मांडला. या वेळी हळदकुंकू लावायला सुंदराकाकी आली. तिने डाव्या हाताचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "पूजा करा, पन त्याला निजवू नको रं मनोज."

मित्रांनो, मला हार नको, नारळ नको. ज्याच्यावर कोणाचा तरी जीव टांगलेला आहे, ते चालू आहे का हे दिव्यावरून ठरवू नका. ज्याला त्याची गरज लागणार आहे, त्याच्या जागी उभं राहून बघा.

काकीला वाचता येत नाही. तरी रोज सकाळी ती वनिताचा मोबाइल मागून घेते आणि डाव्या अंगठ्याने माझं पान उघडते. त्यावर काय लिहिलंय ते तिला कळत नाही. ते उघडलं, एवढंच ती बघते. मग मोबाइल परत देते आणि म्हणते, "उठलाय. जा आता शेतावर."