ग्लेनरॉयची पुसलेली सही

दीप्तीने टेबलावरचा कागद उचलला. मधोमध छापलेली काळी आडवी रेघ जागच्या जागी होती. खालची पट्टी मात्र कोरी होती. तिथे पेन्सिलीने लिहिलेलं ‘९/३०’ आणि ग्लेनरॉयची सही, दोन्ही गायब.

“बाबा, इथलं काय झालं?”

“साफ केलं. शाईच्या ड्रॉइंगवर पेन्सिल ठेवून कोणी बाहेर पाठवतं का? उद्या प्रदर्शनवाले न्यायला येणार म्हणालीस ना. गचाळ काम आहे हो तुझ्या आर्टिस्टचं.”

बाबांची सगळी नोकरी विक्रोळीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून गेली होती. शाई वाळली की पेन्सिल खोडायची, हा तिथला नेम. मुलुंडच्या या घरात येऊनही तो सुटला नव्हता.

मनोरीच्या चित्रकार ग्लेनरॉयने पाच चित्रं छापली होती, प्रत्येकाच्या तीसच प्रती, प्रत्येकीवर नंबर आणि सही. पाचही चित्रं एकाच नंबराची असा संच कुणाकडेच नव्हता. तिने तो जमवला होता, लोकांच्या दारात जाऊन, गयावया करून. ग्लेनरॉय उन्हाळ्यात वारला. त्याच्या आठवणीच्या प्रदर्शनात एक अख्खी भिंत या संचाला मिळणार होती. आणि सही नसेल तर हा कागद म्हणजे कुणीही छापलेली रेघ.

तिने दिवा आडवा धरला. पेन्सिलीचा दाब कागदावर खळगा सोडतो, तिरप्या उजेडात तो दिसतो. काही दिसलं नाही. आजारपणात ग्लेनरॉयची पेन्सिल कागदाला जेमतेम टेकायची.

“सही होती ती?” बाबांनी हळूच विचारलं. “पेन्सिलीने?”

“पेन्सिलीनेच करतात, बाबा.”

त्यांनी खणातून पेन्सिल काढली. “बाकीचे चार आण. हुबेहूब उतरवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

तिने खरंच संचातला दुसरा एक कागद आणून नमुन्याला त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी पेन्सिलीला टोक केलं. टोक कोऱ्या पट्टीला लागणार तेवढ्यात तिने त्यांचं मनगट धरलं.

“नको.”

“मग उद्या काय देशील?”

“खोडरबराचा भुगा कुठे टाकलात?”

“टाकतोय कशाला? झटकला खाली.”

ती फरशीवर बसली. ग्रॅफाइट पुसल्याने नाहीसं होत नाही, रबराला चिकटून येतं. म्हणजे सही अजून इथेच होती, या काळपट वळ्यांत. त्यातून ती परत जुळणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. तरी फरशीच्या सांध्यातून नखाने एकेक वळी काढून ती बशीत ठेवत राहिली.

“दीप्ती, उठ गं.”

तिने ऐकलं नाही. बाबांनी खणातून ड्रॉइंग झटकायचा मऊ ब्रश काढला आणि गुडघा धरत तिच्याशेजारी खाली बसले.

“बोटांनी नको,” ते म्हणाले, “चुरगळतील.” आणि टेबलाखालचा भुगा सावकाश तिच्या बशीकडे लोटू लागले.