आठ मोटांची विहीर

साळूबाईने पदर कमरेला खोचला, डोक्यावरची चुंबळ नीट बसवली आणि शेवटच्या पायरीवरून पाय गाळात टाकला. पाय पोटरीपर्यंत आत गेला. वर कठड्याला टेकून उभी असलेली तिची थोरली जाऊ, लीलाबाई, ओरडली,

"साळे, बेतानं! रुतलीस तर वडून काढायला हरण्या न्हाई आता तुजा!"

आवाज विहिरीच्या आठही भिंतींवर आपटत खाली आला. गाळ उपसणारे गडी हसले. साळूबाईही हसली. डावं शिंग खाली वाकलेला तिचा हरण्या बैल मेला त्या दिवशी लीलाबाईच सगळ्यांत मोठ्याने रडली होती, त्यामुळे त्याच्यावरून चेष्टा करायची तिला मुभा होती.

गाळाच्या दिवसाची एक रीत होती. विहिरीवर ज्या घराची मोट चालते त्या घरच्या माणसाने तळाशी उतरून गाळाची एक तरी पाटी आपल्या डोक्यावरून वर आणायची. पाटी आली नाही तर त्या घराची पाण्याची पाळी गेली. साळूबाईचे यजमान, यशवंतराव, वारल्यापासून तिच्या घरची पाटी थोरले दीर आणत. आता तेही नव्हते. त्यांचा मुलगा हंबीरराव म्हणाला होता, "मी आणतो की काकी तुजी." पण साळूबाईने मान हलवली. आपल्या वाटचं पाणी दुसऱ्याच्या डोक्यावरून किती वर्षं आणायचं?

गावात या विहिरीला राणीची विहीर म्हणत. कोणती राणी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जो तो आपल्याला आवडेल ती सांगे. विहीर आठकोनी, आठ मोटांची. पायऱ्या उतरून अर्ध्यावर आलं की भिंतीतच बसवलेला दगडी महाल लागायचा. चार खांब, वर नक्षीचं छत, पुढे पाण्यावर उघडणारी एक मोठी कमान. उन्हाळ्यात राणी तिथं येऊन बसायची म्हणत. ती तिथं बसून काय करायची याबद्दल बरीच मतं होती, आणि बाया धुण्याला जमल्या की ती आणखी वाढत.

जर्मनीची लढाई संपली, हंबीरराव पलटणीतून सुटला, आणि येताना एक जाड ओव्हरकोट आणि डोक्यात पाणी ओढायचं इंजिन घेऊन आला. आठ घरांना पटवायला त्याला वर्ष लागलं. आता ते इंजिन रहिमतपूरच्या ठेसनावरून आणून कडुनिंबाखाली गाडीवर ठेवलेलं होतं. ऊन लागू नये म्हणून कुणीतरी त्याच्यावर घोंगडी टाकली होती.

पण इंजिन वरून एवढं खोल पाणी ओढणार नव्हतं. ते पाण्याच्या जवळच बसवायला हवं होतं, आणि त्याला दोनच वाटा होत्या. एक, महालाची कमान फोडायची आणि इंजिन आत उतरवून बसवायचं. दुसरी, विहिरीला लागून बाहेरच्या अंगाला खोल खड्डा घ्यायचा आणि भिंतीला भोक पाडून नळ आत सोडायचा. बाकी सगळीकडे काळा खडक होता. मऊ मुरूम होता तो एकाच बाजूला, साळूबाईच्या धावेखाली.

धाव म्हणजे दिसायला नुसता उतार. मोट ओढताना बैल त्यावरून खाली जातात आणि पाठमोरे वर येतात, एवढंच तिचं काम. पण विहिरीवरच्या आठही धावांना घरांची नावं होती. साळूबाईला मूलबाळ नव्हतं. हरण्या गेल्यावर उरलेला एकटा बैल लीलाबाईच्या बैलाशेजारी जुंपावा लागे. तरी माणसं बोलताना "यशवंताच्या धावंवर" म्हणत, आणि तेवढं म्हटलं गेलं की साळूबाईला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटे. चावडीत गोष्ट निघाली तेव्हा ती बायकांतून उठून म्हणाली होती,

"माजी धाव खणायची न्हाई. राणी काय पाणी मागाया येत न्हाई आता. कमान फोडा."

लोक हसले आणि तसंच ठरलं. कमान तिच्या मोटेच्या बाजूची, म्हणून पहिला घण पडायच्या आधीचा नारळही तिचाच. तो आता तिच्या ओच्यात होता आणि वाकलं की पोटाला टोचत होता.

इंजिनाची तहान मोठी म्हणून या खेपेला तळ कधी नव्हे एवढा खाली घेतला होता. साळूबाईने पाटी भरली, उचलायला वाकली आणि घसरली. सावरायला तिने भिंतीवर हात टेकला. भिंतीवरचा गाळ सरकला आणि हाताखाली एक कान आला.

तिने हात काढून घेतला. मग परत ठेवला.

"नाथाजी," ती म्हणाली, "हिकडं या जरा."

नाथाजी पाटणकडचा पाथरवट. कमान फोडायला त्याला बोलावलं होतं. तो ओला बारदाना घेऊन आला, त्याने भिंत पुसली. कानामागून डोकं आलं, डोक्याखाली सोंड. मांजराएवढा हत्ती, मान खाली घातलेला.

त्याने हत्तीच्या पुढची भिंत पुसली. तिथं एक हरीण निघालं, तेही खाली वाकलेलं. त्याच्यापुढे बदकांची रांग, त्यांतलं एक मागे वळून बघणारं. मग गड्यांनी पाट्या टाकल्या आणि हाताला येईल त्यातून भिंतीवर पाणी मारायला सुरुवात केली. गाळाचे पापुद्रे सुटून पडत गेले आणि आतली जनावरं एकामागून एक बाहेर येत गेली. घोडा. शेपूट उभारलेलं कुत्रं. पोटाला पिल्लू बिलगलेली वानरी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली, कमरेवर घागर घेतलेली एक बाई. आठही भिंतींवरून ती सगळी एकाच दिशेने चालली होती, माना खाली घालून.

"पाण्याला आल्यात," साळूबाई म्हणाली.

नाथाजीने घोड्याच्या आयाळीवरून अंगठा फिरवला. वरच्या महालातली नक्षी ऊन-वाऱ्याने झिजून गुळगुळीत झाली होती. इथं छिन्नीचा एकेक ओरखडा तसाच होता.

"काल सांजच्याला काम सोडून घरला गेल्यावानी हाय," तो म्हणाला. आवाज त्याने आपोआप खाली आणला होता.

"पर हितं कवा कुणी बघणार हुतं? कायम पाणी की हितं."

"व्हय. कायम पाणी."

"मग कुणासाठी केलं हे?"

नाथाजीने डोक्याचं मुंडासं सोडून हातात घेतलं आणि घडी घालून कुठं तरी ठेवायचं असल्यासारखा तो उभा राहिला.

ऊन डोक्यावरून थोडं कललं होतं. साळूबाईने वर पाहिलं. एवढी वर्षं ती या विहिरीत वरून खाली बघत आली होती. खालून वर बघायची वेळ आली नव्हती. आभाळ आठकोनी झालं होतं आणि फार लांब गेलं होतं. मध्ये महालाची कमान लटकल्यासारखी दिसत होती. तिच्यातून उन्हाचा एक पट्टा तिरका खाली उतरला आणि समोरच्या भिंतीवर पडला. आधी हत्तीच्या पाठीवर, मग सरकत हरणाच्या गळ्यावर. ऊन पुढे सरकेल तसतशा सावल्या हलत होत्या आणि जनावरं पावलं टाकत होती. गड्यांपैकी कुणीतरी "आई गं" म्हणालं, फार हळू. झऱ्यांचं पाणी भरतानाचा बारीक आवाज तेवढा येत होता.

हंबीरराव निम्म्या पायऱ्या उतरून आला होता. तो तिथंच थांबला.

"काय सापडलं रं?" वरून लीलाबाई ओरडली. "सोनं हाय का?"

"न्हाई, आई."

"मग गप का समदी?"

हंबीरराव खाली आला. बुटांसकट गाळात उतरला. जनावरांकडे बघत म्हणाला, "इटलीत आमी एका गावात मुक्काम केला हुता, काकी. बाँबनं देऊळ पडल्यालं त्यांचं. बाया दगड येचून पदरात भरून घरी न्यायच्या. आमी हसायचो. म्हणायचो, काय खुळी माणसं."

साळूबाईचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती भिंतीला हात लावत चालली होती, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, गाळातून पाय उपसत. सगळी भिंत फिरून ती परत हत्तीपाशी आली.

"समदी हायती," ती म्हणाली. "कुत्रं सुदीक हाय. बैलच न्हाई."

"बैल कसा आसल?" नाथाजी म्हणाला. "त्यो वर हुता की, मोटंला."

साळूबाई वाकली आणि तिने पाटी उचलली. हंबीरराव हात द्यायला पुढे झाला, तर तिने त्याला कोपराने दूर सारलं.

महालापाशी कमानीखाली घण भिंतीला टेकवून ठेवलेला होता. कुणीतरी कमानीच्या पायाला हळदकुंकू लावलं होतं. वरून उतरलेली चार-दोन माणसं नारळासाठी बाजूला सरून उभी होती. साळूबाई पाटी घेऊन त्यांच्यामधून गेली आणि वर चढत राहिली. तिच्या पाठीवरून गाळाचं पाणी ओघळत होतं.

वर येऊन तिने पाटी आपल्या शेताच्या बांधावर उपडी केली. रीत पुरी झाली. मग हात लुगड्याला पुसत ती आपल्या धावेच्या माथ्यावर गेली. तिथल्या काठाच्या दगडाला मोटेच्या दोराने पडलेले चर होते, यशवंतरावांच्या आज्याच्याही आधीपासूनचे. एका चरात तिची चारही बोटं बसली. तिने ती तशी थोडा वेळ ठेवली. मग ओच्यातून नारळ काढला.

"आगं ए," लीलाबाई म्हणाली, "कमान तिकडं खाली हाय!"

"ठावं हाय मला."

तिने नारळ त्याच दगडावर आपटला. पाणी चरांतून धावेवर उतरलं आणि मातीत गेलं.

हंबीरराव धापा टाकत वर आला होता. फुटलेल्या करवंट्या बघून त्याच्या ध्यानात आलं, आता कमान नाही, धाव खणायची.

"काकी, नीट इचार कर. एकदा खणली की धाव परत हुणार न्हाई. मोट बंदच तुजी."

"मग तुजं इंजान ठेवतोस कुठं? माज्या डोक्यावर?"

"तसं न्हवं गं..."

"पाळीचं पाणी देणार न्हवं मला?"

"ते तर देणारच की."

"मग झालं. कमानीचं दगुड त्या जनावरांच्या अंगावर नगं पडायला."

लीलाबाई जवळ आली. यावेळी ती ओरडली नाही. "यशवंतभावजींचं नाव जाईल गं हितलं," ती म्हणाली.

साळूबाईने खोबऱ्याचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. "खाली जाऊन बघून या बाई तुमी आधी," ती म्हणाली. "पाणी चढायच्या आत. थोरले भावजी एवढ्यांदा उतरले, त्यांनी बी न्हाई बघितलं."

"बघितलं आसतं तरी काय सांगितलं आसतं?" लीलाबाई म्हणाली. "जेवान आवाडलं का, तेबी जल्मात सांगितलं न्हाई त्या माणसानं." आणि लुगडं सावरत ती पायऱ्यांकडे निघाली.

त्या दिवशी सगळं गाव विहिरीत उतरून आलं. म्हातारी माणसं पाठुंगळीवर बसून उतरली.

दुसऱ्या दिवसापासून धाव खणायला घेतली. खणत होते तेवढे दिवस साळूबाईला लांबच्या रानात पुष्कळ काम निघालं. नाथाजीला मात्र कमानीऐवजी जनावरांच्या रांगेच्या वर भिंतीला भोक पाडायचं काम मिळालं. ते झालं त्या संध्याकाळी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"वैनी, भोकाच्या बुडाला एक चिरा मोकळा हाय. साफ हाय."

साळूबाई ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"बैल कोरायला ईल तुमाला?"

"ईल की. शिंगं कशी काढू?"

"उजवं सरळ. डावं वाईच खाली वाकल्यालं." तिने बोटाने हवेत दाखवलं. "आन मान खाली."

ओट्यावर चहा पीत बसलेला हंबीरराव म्हणाला, "काकी, पंधरा दिसात पाणी भरंल तिथं. कोण बघणार हाय?"

साळूबाईने परत पाखडायला सुरुवात केली.

इंजिन सुरू करायच्या सकाळी कडुनिंबाखाली माणूस मावेना. आठही घरं होती, शेजारच्या वाडीची माणसं होती, इंजिनाला हार होता. साळूबाई तेवढी दिसत नव्हती. ती विहिरीत, पाण्याच्या वरच्या कोरड्या पायरीवर बसली होती. हत्ती, हरीण, घागरवाली, सगळी रांग कधीच पाण्याखाली गेली होती. नळाच्या बुडाला नवा कोरलेला बैल होता, दगड अजून पांढुरका. त्याचं डावं शिंग थोडं खाली वाकलेलं होतं. मानेवर जू नव्हतं. पाणी त्याच्या तोंडाखाली, बोटभर अंतरावर आलं होतं.

वर हंबीररावाने इंजिनाचं हँडल धरलं आणि सवयीने पलटणीतल्यासारखं ओरडला, "तय्यार!"

"हंबीर!" विहिरीतून आवाज आला. "थांब रं जरा!"

"काय झालं, काकी?"

माणसं कठड्याकडे सरकली.

"वाईच दम धर," साळूबाई म्हणाली. "पाणी प्यायला लागलाय."

हंबीररावाने हँडलवरचा हात काढला आणि तो थांबला.