देवमासा न दिसल्याचं तिकीट

बोटवाल्यांचा नियम साधा होता. देवमासा दिसला नाही, तर प्रत्येकाला पुढच्या फेरीचं तिकीट फुकट. डॉल्फिन त्यात धरत नसत, ते रोजचेच. या नियमावर मावशी हंगामभर दर रविवारी येत होत्या. पहिलं तिकीट लेकीने काढून दिलं होतं. स्वतःच्या हौसेपायी घराबाहेर पडणं त्यांना जमलं नसतं, पण हातातलं तिकीट वाया घालवणंही जमत नव्हतं. नवरा गेल्यापासून चार माणसांत बसणं व्हायचं ते इथेच.

"आल्या पांढऱ्या पायाच्या," कप्तान म्हणाला. "आज पण देवमासा नाही."

"पाय माझे पांढरे, आणि तुझे डोळे काय करतात?"

कप्तान हसला. हात देऊन त्याने त्यांना डावीकडच्या नेहमीच्या बाकावर बसवलं.

दुपारी उजवीकडे डॉल्फिनांचा कळप उसळला आणि सगळी बोट तिकडे लोटली. मावशी हलल्या नाहीत. गर्दीत शिरायचं तर कुणाच्या आधाराने?

तेवढ्यात डाव्या अंगाला पाणी फुगलं. हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ एक काळीभोर पाठ वर आली. भाता सोडावा तसा श्वास सुटला आणि तुषार त्यांच्या शालीवर पडले. तुषारांना सडक्या मासळीचा वास होता. पाठ सरकत राहिली; संपतच नव्हती.

हाक अगदी ओठांवर आली. मग पुढचा रविवार डोळ्यांसमोर आला, दार लावून घेतलेला. त्यांनी ओठ मिटले. पाणी पुन्हा सपाट झालं. उजवीकडचा गलका चालूच होता.

धक्क्यावर कप्तानाने तिकिटं वाटली. "आम्ही उद्या निघतोय हो," एक बाई म्हणाली आणि तिने तिकीट परत त्याच्या हातात ठेवलं. मावशींनी मान वळवली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, दिसला का गं? एकदाचा दिसू दे, म्हणजे तुझं ते बोटीत चढणं तरी थांबेल. घसरलीस तर कोण आहे तिथे?"

मावशींनी शालीचा पदर नाकाशी नेला. वास अजून होता. सगळं जिभेच्या टोकावर होतं.

"नाही दिसला," त्या म्हणाल्या.

"मग परत जाणार?"

"जावंच लागेल. तिकीट वाया कशाला घालवू?"

शाल त्यांनी धुवायला टाकली नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर पसरली आणि जेवायला बसल्या.