वेणूबाईंची साफ जबानी

वेणूबाईंची वकील कैनात ऑफिसात शिरली तेव्हा सुनीतीताईंच्या कानांवर हेडफोन होते आणि पाय पेडलवर. पेडल दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. वाशीतल्या त्या ऑफिसाचं कामच ते. कुठे सुनावणी असली की प्रत्येकाच्या पुढ्यात माइक लावायचा, आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि मग बोलणं जसंच्या तसं टाइप करून द्यायचं. शेवटी टाइप करणाऱ्याची सही, ‘ध्वनिमुद्रणाप्रमाणे शब्दशः’ असं लिहून.

“ताई, वेणूबाईंची जबानी तुम्हीच टाइप केलीत ना?” कैनातने कागद टेबलावर ठेवले. मुलगी तिशीचीही नसेल. मूळची उरणकडची, बोलणं घाईचं.

“हो. का गं?”

“हे उत्तर बघा. ‘प्रश्न: करार तुम्हाला वाचून दाखवला, तो समजला होता का? उत्तर: हो.’ ताई, मी तिथेच बसले होते. आजी एका दमात ‘हो’ नव्हत्या म्हणाल्या. किती वेळ गप्प होत्या. दोनदा परत विचारायला लावलं.”

वेणूबाईंचं प्रकरण सुनीतीताईंना पाठ होतं. म्हातारी सीवूड्सच्या मागच्या जुन्या गावातली. शहर वसताना शेत गेलं, बदल्यात एक भूखंड मिळाला. बिल्डर म्हणाला, इथे इमारत बांधतो, तळमजल्यावर तुला घर. कागदावर मात्र अख्खा भूखंड त्याच्या नावे झाला आणि घराचा उल्लेखच नाही. वेणूबाईंचं म्हणणं एवढंच, की अंगठा लावला तेव्हा कागदात काय आहे ते मला कळलं नव्हतं. लवाद म्हणून नेमलेले निवृत्त न्यायाधीश उद्या शेवटचं ऐकून घेणार होते.

“समोरचा वकील हेच पान घेऊन नाचतोय,” कैनात म्हणाली. “म्हणतो, बाई प्रत्येक प्रश्नाला खणखणीत उत्तर देते, आणि करार कळला नाही म्हणते? लवादसाहेब म्हणतात, टाइप करणाऱ्याने काही सुटल्याचं सांगितलं तरच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकू.”

तेवढ्यात ऑफिसचे मालक आशुतोष आतून बाहेर आले. “काय झालं मॅडम? आमच्याकडे असं होत नाही हां. सुनीतीताई म्हणजे देवमाणूस. खोटं बोलणार नाहीत. काय हो ताई, काही गाळलंय का?”

“नाही,” सुनीतीताई म्हणाल्या.

इतक्या पटकन म्हणाल्या की त्यांनाच तो आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला. कैनातने कागद उचलले, “सॉरी ताई,” म्हणाली आणि गेली. सॉरी तिने म्हणावं?

त्यांनी वेणूबाईंची फाइल उघडली. पेडल दाबलं.

“...तो तुम्हाला समजला होता का?” वकिलाचा आवाज. मग काहीच नाही. पंख्याची घरघर. बांगड्या टेबलाला लागल्याचा आवाज.

“हं?” वेणूबाई.

“करार. समजला होता का?”

“काय बोलतंय, फिरून सांग.”

“आजी, वाचून दाखवला ना तुम्हाला? मग समजलाच असेल ना!”

पुन्हा तीच घरघर. मग अगदी हळू, “...हो. वाचला तं व्हता. हो.”

आणि कागदावर नुसतं ‘हो’.

सुनीतीताईंनी मुद्दाम केलं नव्हतं, आणि नकळतही केलं नव्हतं. सवय होती. नेरूळच्या राममंदिरात गंगारामबुवांचं कीर्तन असलं की त्या मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करायच्या आणि घरी बसून उतरवून काढायच्या. त्यातून महिन्याला कीर्तन मंडळाची पुस्तिका निघायची. बुवांचा खोकला, विसरलेला चरण, ‘काय बरं म्हणत होतो मी’ हे सगळं त्या प्रेमाने काढून टाकत. देवाचं बोलणं स्वच्छ दिसावं एवढीच इच्छा. लोक वाचून म्हणत, ताईंच्या हातात गोडवा आहे. वेणूबाईंची जबानी टाइप करताना तोच हात चालला होता. बिचारी अडाणी म्हातारी, साहेबांपुढे तिचं ते ‘हं? हं?’ बरं नाही दिसणार. त्यांनी पुसलं. पदराने लहान मुलाचं तोंड पुसावं तसं.

आणि सही केली. शब्दशः.

संध्याकाळी कीर्तन होतं. जाऊ नये असं वाटत होतं, पण पाय आपसूक तिकडे वळले. बुवा पेटीवाल्याबरोबर सूर जुळवत होते. त्यांना बघून हसले.

“या, या, सुनीतीताई! तुमची पुस्तिका काल बायकोला वाचायला दिली. म्हणाली, हा कोण दुसराच गंगाराम आहे हो? माझा गंगाराम एवढा नीट बोलत नाही!”

सगळे हसले. सुनीतीताईही हसायला गेल्या, पण ओठ हलेनात. नमनाचा अभंग सुरू झाला, टाळ्या पडू लागल्या, त्यांना टाळी धरता येईना. समोर रामराया उभा, आणि त्याच्या नजरेला नजर देण्याची हिंमत होईना. ‘नाही’ म्हणाले मी. तोंडावर म्हणाले. देवमाणूस म्हणाले आशुतोष, आणि मी ते कौतुक खिशात घालून ‘नाही’ म्हणाले. पूर्वरंग संपायच्या आत त्या उठल्या. अशा अधेमधे त्या कधी उठल्या नव्हत्या. बुक्का लावणाऱ्या बाईने हात पुढे केला तर त्यांनी कपाळ मागे घेतलं.

सकाळी त्यांनी आशुतोषना सांगितलं.

आशुतोषनी चहाचा कप खाली ठेवला. “काल माझ्यासमोर नाही म्हणालात.”

“हो.”

“मी तुमची गॅरंटी दिली, ताई. त्या पोरीसमोर.” आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “आता हे बाहेर गेलं तर आपल्याला काम कोण देणार? गप्प राहा ना. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”

“तिच्या घराचा आहे.”

“मग जा. पण ऑफिसने पाठवलं म्हणू नका.”

सुनावणीच्या खोलीत गार हवा सोडलेली होती. लांबलचक टेबल, त्याच्या एका टोकाला लवाद, बाजूला वेणूबाई. नऊवारीचा काष्टा, नाकात मोठी नथ, हात मांडीवर. सुनीतीताई उभ्या राहिल्या.

“साहेब, मी गाळलं,” त्या म्हणाल्या. “शांतता गाळली, आणि त्यांनी परत विचारलेले प्रश्न गाळले. सही मात्र शब्दशः म्हणून केली. काल वकीलबाईंनी विचारलं तेव्हा खोटंही बोलले.”

समोरचा वकील ताडकन उठला. “वा! आता यांना कोणी पढवलं?”

“बसा,” लवाद म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. “बाई, का गाळलंत?”

“त्यांची... त्यांची फजिती दिसू नये म्हणून.”

हे त्यांना स्वतःलाच कसंतरी ऐकू आलं. लवादांनी ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं.

खोलीभर वेणूबाईंचं ते ‘हं?’ घुमलं. मग पंख्याची घरघर, बांगड्या. समोरच्या वकिलाचा ज्युनियर हसू दाबायला खाली वाकला. सुनीतीताईंना वाटलं, फरशी फाटावी. जे पुसलं होतं तेच आता अख्ख्या सभेपुढे उघडं पडलं होतं, दुप्पट मोठ्या आवाजात. त्यांनी वेणूबाईंकडे बघितलंच नाही.

लवादांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “या प्रश्नांपुरती उलटतपासणी पुन्हा होईल. थोड्या वेळाने, आजच. टाइपिंगला दुसरं कोणी बोलवा.”

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर सुनीतीताई टेकल्या. आशुतोषचा फोन दोनदा वाजला, त्यांनी घेतला नाही. तेवढ्यात वेणूबाई येऊन शेजारी बसल्या.

“तूच का गो ती लिवनारी?”

“हो आजी. माफ करा मला. तुम्हाला सगळ्यांसमोर...”

“काय सगल्यांसमोर?”

“ते आवाज... तुमचं ते गप्प राहणं. लोक हसले.”

“हसू दे. मना कलला नाय म्हनून मी इचारला. न कललेला इचारला त्यात काय लाज?” वेणूबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुला कशाला वाटली गो माजी लाज?”

माया केली असं सुनीतीताई रात्रभर स्वतःला सांगत आल्या होत्या. ही बाई कागदावर आपल्यासारखी दिसावी असं वाटलं होतं, एवढंच होतं ते. माया त्यात थोडी होती, वरवरची.

“बोल ना.”

“काय सांगू आजी,” त्या म्हणाल्या.

“बरा. नको सांगू.”

आतून कैनात आली. “चला आजी, बोलावलंय. आणि या वेळी कळलं नाही तर दहा वेळा विचारा.”

“वीस बारी इचारीन,” वेणूबाई उठल्या. पायातल्या चपला त्यांनी दाराशी काढल्या, देवळात जावं तशा, आणि खांद्यावरची कापडी पिशवी सुनीतीताईंच्या मांडीवर ठेवली. “ही सांभाल. सुकी मासली हाय, लेकीकडं न्यायचीय. वकीलबाय बोलते, आत वास येल.”

दार लागलं. सुनीतीताईंच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात चातुर्मासात कांदासुद्धा चालत नसे. पिशवीतून सोड्यांचा आणि जवळ्याचा उग्र वास येत होता. येणारे जाणारे वळून बघत होते, एका शिपायाने नाकाला रुमाल लावला. पिशवी बाकाच्या टोकाला सरकवायला त्यांचा हात उचलला गेला.

मग तो परत पिशवीवरच ठेवला, आणि त्या खाली मान घालून दाराआडचं काही ऐकू येतंय का ते ऐकत बसल्या.