उजवीकडचा सातवा पाटा

वडील, आप्पा, गेल्यावर दोन महिन्यांनी दमयंतीने त्यांची दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स गाडी मिरजोळ्याला केरू मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. ठाण्याच्या भावाला, सर्वेशला, ती कोल्हापूरच्या एका शौकिनाला विकायची होती आणि तो शौकीन रविवारी न्यायला येणार होता. दमयंतीचं म्हणणं एवढंच, की त्याआधी आरे-वारेच्या समुद्रकाठच्या वळणांवर गाडी तिला नीट चालवता आली, तर ती विकायची नाही. सर्वेश हसला होता. गाडी मागून बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला कण्हत होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

केरूने मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उतरवले. दमयंती रजा घेऊन हाताशी थांबली. एकेक पाटा तारेच्या ब्रशने घासला, ठोकून पुन्हा वाक दिला, मध्ये ग्रीस भरलं, पाट्यांच्या टोकांचे झिजलेले रबरी बुश काढून नवे घातले. आप्पांनी जे जसं ठेवलं होतं ते तसंच परत बसवायचं, हा तिचा हट्ट. केरूने तो ऐकला.

शुक्रवारी दुपारी गाडी जॅकवरून खाली आली आणि डावीकडे कलली. उजवी बाजू चांगली दोन बोटं वर. केरूने चाकांची हवा पाहिली, एक्सल पाहिला. दमयंतीने टेप लावून तीनदा मापलं. मग केरू वाकून पाटे मोजू लागला. डावीकडे सहा, उजवीकडे सात. तो उठला तो कपाळाला हात लावूनच.

सातवा त्यानेच घातला होता, पंधरा वर्षांपूर्वी. आप्पा नव्वद किलोंचे; ते स्टिअरिंगला बसले की गाडी उजवीकडे झुकायची. त्या पाट्याने ती त्यांच्यासकट सरळ उभी राहू लागली. पुढे पाटेच बसत गेले, तशी ही गोष्ट आप्पांच्या आणि केरूच्याही ध्यानातून गेली. दमयंती होती जेमतेम पंचावन्न किलोंची.

"पाटा ऱ्हायलाच हवा तर तुझ्या सीटच्या मागं एक चिरा ठेव," कुंपणासाठी आणून टाकलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांकडे बोट करत केरू म्हणाला. "आप्पांच्या वजनाचा वाटा तो उचलील."

त्याने थट्टेने म्हटलं, पण ती खरोखरच त्या ढिगापाशी गेली. कमी ओबडधोबड असा एक चिरा निवडला, दोघांनी मिळून तो सीटमागे ठेवला, ती आत बसली. गाडी बरीचशी सरळ झाली. दमयंतीने मागे हात नेऊन चिरा ढकलून पाहिला.

"वळणावर हा घसरेल ना, केरूकाका?"

"बांधू की दोरीने."

"नको. पाटा काढा."

"बघ हां. आप्पांनी सांगून घालून घेतलेला हाय."

"गाडी मी चालवणार आहे."

सहा पाटे पुन्हा आवळून बसवायला तास गेला. बुशांचे बोल्ट मात्र केरूने ढिले ठेवले. गाडी चाकांवर उभी आणि चालवणारं माणूस आत असतानाच ते आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि महिन्याभरात फाटतं. त्याने तिला सीटवर बसवलं आणि स्वतः पाना घेऊन खाली सरकला.

"जेवलीस ना गो? उपाशी वजन नको मला."

जेवले, असं ती म्हणाली. ते खोटं होतं, पण फरक पाव किलोचा. एकेका बोल्टबरोबर पाठीला बारीक हिसका लागत होता. ती न हलता बसून राहिली.

केरू बाहेर आला, दहा पावलं मागे गेला आणि एक डोळा मिटून त्याने पाहिलं.

"सरळ हाय. उतर आता."

ती उतरली नाही. ऊन आहे तोवर आरे-वारे गाठायचं होतं. तिने केरूला बाजूला व्हायला सांगितलं आणि किल्ली फिरवली.